टिली झाबेलची चौऱ्याहत्तर नंबर

ओटिली झाबेलला ट्रामच्या डेपोत सगळे टिली म्हणत. नवरा ब्रुनो पूर्वेच्या आघाडीवर गेला आणि त्रेचाळीस साली ती कंडक्टर म्हणून लागली. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, आणि शिलाई मशीन सोडलं तर कुठल्याही यंत्राला तिने तोवर हात लावला नव्हता. ब्रुनो परत आला नाही. सत्तेचाळीसमध्ये एक कागद आला. त्यावर शिक्का नीट उमटला होता आणि गावाचं नाव चुकलं होतं. टिलीने तो कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती म्हणून कामावर गेली. युद्धाने तिचं बरंच काही नेलं होतं. ही नोकरी तेवढी युद्धामुळेच मिळाली होती आणि ती तिने घट्ट धरून ठेवली.

चौऱ्याहत्तर नंबरची ट्राम वाइसेनझेहून निघे, लाइपझिग रस्त्याने पॉट्सडाम चौकात येई आणि तशीच पुढे श्टेग्लिट्झच्या पलीकडे जाई. रूळ कैसर बादशहाच्या काळातले होते. शहर मात्र आता चौघांत वाटलेलं होतं. पूर्वेचा भाग रशियनांचा, पश्चिमेचा अमेरिकन, इंग्रज आणि फ्रेंचांचा. चौकातल्या फरसबंदीवर पांढरा पट्टा ओढलेला होता आणि ट्राम त्यावरून खडखडत निघून जाई. आत बसलेल्यांना तो पट्टा दिसतही नसे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात दोन्हीकडे वेगवेगळं चलन आलं. रशियनांनी पश्चिमेकडे येणारे रस्ते बंद केले आणि जवळजवळ वर्षभर अमेरिकन विमानं पीठ आणि कोळसा घेऊन डोक्यावरून घरघरत राहिली. खाली ट्राम चालूच होती. फक्त तिकिटाला कोणते पैसे चालतील यावरून डब्यात रोज भांडणं होऊ लागली. शेवटी साहेबलोकांनी तोडगा काढला: गाडी तीच, ड्रायव्हर तोच, कंडक्टर मात्र पट्ट्यापाशी बदलायचा. पूर्वेचा उतरेल, पश्चिमेचा चढेल.

तिथे टिलीची गाठ गुस्ताव मिलेंझशी पडली. पन्नाशीचा, विधुर, श्टेग्लिट्झमध्ये एका खोलीत राहणारा. मिश्या इतक्या दाट की तो हसतोय की रागावलाय ते डोळ्यांवरून ओळखावं लागे. पहिल्या दिवशी तो चढता चढता म्हणाला, "काय बाई, माल चांगल्या स्थितीत आणलाय ना?"

"बत्तीस माणसं आणि एक कोंबडी," टिली म्हणाली. "कोंबडीने तिकीट काढलेलं नाही. तुमच्या हद्दीत काय तो निकाल लावा."

तेव्हापासून रोज पट्ट्यापाशी त्यांचं एक मिनिट ठरून गेलं. टिली उतरताना त्याला उतारू सोपवून देई. "मागच्या बाकावरच्या आजी झोपतात, त्यांना नोलेंडॉर्फला उठवा." "निळ्या टोपीवाल्याचं पोट बिघडलंय, त्याला दारापाशी उभं राहू द्या." परतीच्या फेरीत मिलेंझ त्याच्याकडची माणसं तिच्या हवाली करी. ड्रायव्हर वैतागून पायाखालची घंटा वाजवायला लागला की दोघं बाजूला होत. एवढंच. तो तिला झाबेलबाई म्हणे आणि ती त्याला मिलेंझ म्हणे.

एक्कावन्नमध्ये डेपोमास्तर पागेलने विचारलं, बायकांना ड्रायव्हर करायचं वरून ठरलंय, कोण शिकतंय? टिलीने वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या टिलीने चार महिने शिकाऊ म्हणून काढले. उभ्याने गाडी हाकायची, डावा हात हँडलवर, उजवा ब्रेकवर, ओल्या रुळावर वाळू कधी सोडायची, उतारावर वेग कसा धरायचा, रुळांचा सांधा बदलायला लोखंडी सळई घेऊन कधी उतरायचं. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा एकटीने भरलेली गाडी आलेक्झांडर चौकातून वळवली त्या दिवशी घरी येऊन तिने उकडलेले बटाटे खाल्ले आणि खुर्चीत बसून मोठमोठ्याने हसली. शेजारच्या वुटकेबाईंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "टिली, बरी आहेस ना?"

"बरी? अहो, शंभर माणसं माझ्या हातावर होती!"

पश्चिमेकडे मात्र बायकांनी ट्राम चालवायला बंदी होती. तिथे नियमच तसा होता. म्हणून पार जाणाऱ्या गाड्यांवर पुरुष असत आणि टिलीला आतल्या आतल्या लाइनी मिळत. मिलेंझला ही बातमी तिच्या जागी आलेल्या कंडक्टरकडून कळली. पुढच्या आठवड्यात त्याने त्याच्याच हाती अस्तर लावलेले चामडी हातमोजे पाठवले. सोबत चिठ्ठी होती: "हँडल गार असतं असं ऐकतो. कोंबडी सुखरूप पोचली."

त्रेपन्नच्या जानेवारीत पागेलने तिला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं आणि टोपी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिला.

"झाबेलबाई, उद्या सकाळी तुम्ही चौऱ्याहत्तर घेऊन जायचं. पार."

"पार म्हणजे?"

"म्हणजे थेट. श्टेग्लिट्झकडे."

"तिकडे बाईला चालत नाही हो."

"तुम्हाला गाडी येते की नाही?"

टिली म्हणाली, "मास्तर, खरं सांगा. तुम्ही मला गाडी चालवायला पाठवताय की अडवून घ्यायला?"

पागेलने टोपी टेबलावर ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला तीन मुली होत्या आणि वरच्या साहेबांची भीती होती. "मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं. नको असेल तर दुसरी कोणी जाईल."

दुसरी कोणी जाईल हे ऐकल्यावर मात्र टिलीला राहवलं नाही. अडवतील, हे तिला कळत होतं. पण मनात एक वेडी आशाही होती, की दोन वर्षांत गाडीला एक ओरखडा न पाडलेली बाई समोर उभी राहिली तर तिकडची माणसंही म्हणतील, जाऊ द्या.

सकाळी रुळांवर बर्फाचा चिखल होता. गाडी खच्चून भरली होती. निम्मी माणसं पलीकडे कामाला जाणारी. लाइपझिग रस्त्याच्या टोकाला युद्धात जळून पोकळ झालेली एक मोठी इमारत मागे पडली, चौक आला आणि पट्ट्याच्या पलीकडे चार पोलिस आधीच उभे असलेले दिसले. त्यांच्या मागे एक छायाचित्रकार. टिलीने आरशात पाहिलं तर गाडीच्या मागच्या दारात तिच्याच बाजूचाही एक छायाचित्रकार चढलेला होता.

तिने गाडी हळूच थांबवली. एक जाडजूड पोलिस पायरीपाशी आला.

"खाली उतरा, बाई."

"का बरं?"

"आमच्या हद्दीत बाई गाडी चालवू शकत नाही."

"पट्ट्यापर्यंत तर आणली की. तुम्ही बघितलीत."

"चालवता येत नाही असं नाही म्हणत मी. चालवू शकत नाही. नियम आहे."

डब्यात गलका सुरू झाला. "अहो सोडा तिला, माझी पाळी सातची आहे!" "बाई आहे, घरी जाऊन सूप कर म्हणावं!" "वाइसेनझेपासून आलो की तिच्याबरोबर, मेलो का?" कोणी हसलं, कोणी शिवी घातली. तेवढ्यात पश्चिमेकडून मिलेंझ आपली थैली सावरत गाडीत चढायला आला आणि टिलीला हँडलपाशी पाहून जागीच थांबला. तिच्या हातात ते हातमोजे होते.

"साहेब," तो पोलिसाला म्हणाला, "मी तीस वर्षं ट्रामवर आहे. गाडी कोण कशी थांबवतो ते पायाला कळतं. या बाईंनी आत्ता थांबवली, एक म्हातारी हलली नाही. जाऊ द्या ना."

"तुम्ही तुमचं काम करा."

"तेच करायला आलोय. पण गाडी हलेल तर करीन!"

पोलिसाने नकारार्थी मान हलवली. तोही कोणाचा तरी नोकर होता. उतारू बडबडत खाली उतरले, पट्टा पायी ओलांडून पलीकडच्या गाडीकडे चालू लागले. टिलीने मधल्या सांध्यावरून रिकामी गाडी उलट फिरवली. सगळ्यांना दिसत होतं म्हणून ती ताठ उभी राहिली. लाइपझिग रस्त्याला लागल्यावर मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि दोन्ही हात अडकलेले असल्याने ते पुसताही येईना.

दोन दिवसांनी पार जाणाऱ्या सगळ्या ट्रामच बंद झाल्या. पूर्वेची गाडी चौकाच्या अलीकडे थांबे, पश्चिमेची पलीकडे, आणि माणसं मधलं अंतर चालत जात. पूर्वेच्या वर्तमानपत्रात टिलीचं छायाचित्र आलं: श्रमिक स्त्रीचा अपमान. पश्चिमेच्या वर्तमानपत्रातही तेच तोंड आलं: रशियनांनी बाईला पुढे करून खेळलेली चाल. दोन्ही छायाचित्रांत तिची टोपी वाकडी होती.

तिला एका कारखान्यात भाषणाला नेलं. कागद हातात दिलेला होता. तिने पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाली, "मला गाडी चालवायची होती. अजूनही चालवायची आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्हीकडच्या साहेबांनी एकदा बसून ते जमवावं." मागच्या रांगेतून टाळ्या आल्या, पुढच्या रांगेतून आल्या नाहीत. त्यानंतर तिला भाषणाला कोणी बोलावलं नाही.

त्यापेक्षा एक गोष्ट तिला जास्त लागली. पलीकडे कपडे इस्त्री करायला जाणारी एक बाई तिच्या गाडीतून उतरताना तोंडावर म्हणाली, "तुझ्या हौसेपायी आम्हाला रोज बर्फातून तंगडतोड. पुरुषांची कामं बायकांनी कशाला करावीत?" आठवडाभर टिलीला जेवण गेलं नाही.

रविवारी दारावर टकटक झाली. मिलेंझ, रविवारच्या कोटात, हातात पाव किलो खऱ्या कॉफीचं पुडकं. चौक पायी ओलांडून, पत्ता विचारत विचारत आला होता.

"मी म्हटलं, कोणीतरी माल पोचला का ते बघायला हवं," तो म्हणाला.

टिलीने त्याला बसवलं, कॉफी केली आणि त्या इस्त्रीवालीचं बोलणं सांगितलं.

"ऐका," मिलेंझ म्हणाला. "गाड्या तुमच्यामुळे बंद झाल्या नाहीत. तुम्ही येणार हे चौघं पोलिस आणि तो फोटोवाला सकाळी सहालाच जाणून होते. तुमच्याकडच्यांनी तुम्हाला मुद्दाम पाठवलं आणि आमच्याकडचे मुद्दाम वाट बघत होते. दोघांनाही तोडायचंच होतं, फक्त आपण तोडलं असं दिसायला नको होतं."

"पण मी गेले ना. नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं. मग दुसरीला पाठवलं असतं आणि तुम्ही जन्मभर माझ्या मागे लागला असतात की मी असते तर नेली असती."

टिली रडता रडता हसली. "तुला रे कसं माहीत?" आणि मग आपण 'तू' म्हटलं हे लक्षात येऊन ती लाल झाली. मिलेंझने मिश्या पुसल्या. "असू दे," तो म्हणाला. "तेच बरं आहे. माझं नाव गुस्ताव."

त्यानंतर गुस्ताव दर रविवारी येऊ लागला. त्या जूनमध्ये कामगार रस्त्यावर उतरले, लाइपझिग रस्त्यावर रशियन रणगाडे आले, तेव्हा काही आठवडे हद्द बंद होती. तेवढे रविवार चुकले. बाकी पाऊस असो, बर्फ असो, दुपारी एकला तो जिन्यात खोकत असे. बटाट्याचं सॅलड, हेरिंग मासा, मग पत्ते. वुटकेबाई भिंतीपलीकडून विचारीत, "टिली, लग्न कधी?"

लग्नाची गोष्ट छप्पन्नमध्ये निघाली आणि त्यावरूनच त्यांचं खरं भांडण झालं.

"ये तिकडे," गुस्ताव म्हणाला. "खोली लहान आहे, पण दोघांना पुरेल."

"आणि करू काय? तुमचे लोक मला गाडीला हात लावू देतील?"

"स्वयंपाक कर, फिर, आराम कर. तेरा वर्षं उभी आहेस."

"मला उभंच राहायचंय! तू ये इकडे."

"माझी तिकडची पेन्शन बुडेल. आणि इकडे तोंड उघडलं की कोण ऐकतंय ते बघावं लागतं. मला तोंड आवरत नाही, तुला माहितीय."

"मग मीच का सोडायचं? जन्मात एकच गोष्ट मला स्वतःची म्हणून आली!"

तो रविवार कॉफी न पिताच संपला. पुढच्या रविवारी तो आला, तिने दार उघडलं, आणि दोघांनी तो विषय बाजूला ठेवला. आणखी थोडी वर्षं, मग तुझी पेन्शन, मग माझी, मग बघू. असं पुढे ढकलत राहायला त्यांना काही वाटत नव्हतं. चौक ओलांडायला तर चालत दहाच मिनिटं लागत.

एकसष्टच्या ऑगस्टमधला तेरावा दिवस रविवार होता. टिलीने प्लमचा केक भट्टीत ठेवला होता. अकराच्या सुमाराला वुटकेबाई चपला न घालताच आल्या. "रेडिओ लाव. चौकात काटेरी तार टाकतायत."

टिली केक तसाच सोडून निघाली. चौकाच्या दोन गल्ल्या अलीकडेच बंदूकवाल्यांची रांग होती. "पुढे जाता येणार नाही, आजी." आजी! तिला कोणी पहिल्यांदाच आजी म्हटलं होतं. पलीकडेही गर्दी होती, पण इतक्या लांबून माणसं ठिपक्यांसारखी दिसत होती. ती दोन तास उभी राहिली. गुस्तावही पलीकडे तीन तास उभा होता, एका कठड्यावर चढून, हे तिला पत्रातून कळलं. पत्र फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं.

मग तारेच्या जागी भिंत उभी राहिली आणि सव्वादोन वर्षं फक्त पत्रं. फोनच्या तारा तर त्याआधीच कधीच्या तोडलेल्या होत्या. रविवारी दुपारी एक वाजला की टिली उगाच जिन्यात जाऊन पायपुसणं झटके. छप्पन्नच्या भांडणात आपलं चुकलं, असं तिला रात्रंदिवस वाटे. पण सकाळी गाडीवर उभं राहून हँडल हातात घेतलं की वाटत नसे. या दोन्ही गोष्टी तिने पत्रात जशाच्या तशा लिहिल्या. गुस्तावने उत्तर पाठवलं: "माझंही तसंच. मी मात्र सकाळी कशावरच उभा राहत नाही, त्यामुळे दिवसभर चुकलंच वाटतं."

त्रेसष्टच्या डिसेंबरात दोन्ही बाजूंचं कसंबसं जमलं: नाताळात पश्चिमेच्या लोकांना एका दिवसाचा परवाना मिळणार, फक्त पलीकडच्या नातेवाइकांना भेटायला. गुस्ताव एका शाळेच्या व्यायामशाळेत सात तास रांगेत उभा राहिला. टेबलामागे पूर्वेकडून आलेल्या, टपाल खात्याच्या गणवेशातल्या एक बाई होत्या.

"नातं?"

"मावशी," गुस्ताव म्हणाला.

बाईंनी कागद पाहिला. "तुमचा जन्म नव्व्याण्णवचा. मावशीचा एकोणीसशे चारचा."

"आमच्या आजीने फार उशिरापर्यंत हार मानली नाही."

मागची रांग खदखदून हसली. बाई हसल्या नाहीत. "तुमच्या आईचं माहेरचं आडनाव?"

"झाबेल," गुस्तावने ठोकून दिलं.

"पण या झाबेलबाई विधवा आहेत असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हे आडनाव नवऱ्याकडचं. मग मावशी कशा होतील?"

गुस्तावच्या कानशिलांवर घाम आला. इतक्या थंडीत. सात तास उभं राहून हातचं गेलं, असं त्याला वाटलं. बाईंनी त्याच्याकडे, मग त्याच्या रविवारच्या कोटाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलाकडे एक नजर टाकली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामी लिहिते. आईच्या भावाची बायको. ते जमतं." आणि शिक्का मारला. "पुढच्या वेळी घरून नीट ठरवून या."

सत्तावीस तारखेला तो जिन्यात खोकला. टिलीने दार उघडलं. तो वाळला होता, मिश्या पार पांढऱ्या झाल्या होत्या. दोघं बराच वेळ तसेच एकमेकांना धरून उभे राहिले. मग त्याने नात्याची हकीकत सांगितली आणि टिली हसून हसून खुर्चीत कोसळली. "या भाचेबुवा," ती म्हणाली, "मामीच्या पाया पडा आधी!" भिंतीवर थाप पडली. "टिली, बरी आहेस ना?" पण या वेळी वुटकेबाई उत्तराला थांबल्या नाहीत, सॉसेजची बशी घेऊन स्वतःच आल्या.

पुढच्या वर्षी टिलीला साठ वर्षं पूर्ण झाली. त्याच शरद ऋतूत पूर्वेच्या सरकारने वयस्कर लोकांना पलीकडे जायची मोकळीक दिली. म्हातारी माणसं तिकडेच राहिली तरी सरकारला चालणार होतं. नोव्हेंबरात ती पहिल्यांदा गेली, श्टेग्लिट्झची ती खोली पाहिली, दोन आठवडे राहून परत आली. गुस्तावने राहा म्हटलं नाही. स्टेशनवर मात्र गाडी सुटायला आली तरी त्याने तिची पिशवी हातातून सोडली नाही.

डेपोत परत आल्यावर ती आणखी पाच महिने गाडीवर उभी राहिली. मग एका सकाळी ती पागेलकडे गेली. तोही आता निवृत्तीला आला होता. तिने आपली सांधा बदलायची सळई त्याच्या टेबलावर ठेवली.

"जाताय?" त्याने विचारलं.

"हो."

"तेव्हाचं... मी तुम्हाला तिकडे पाठवलं ते..."

"मास्तर, मी गेले. तुम्ही फक्त सांगितलंत," टिली म्हणाली. "आणि गाडी शिकवलीत तुम्हीच. ते मी विसरणार नाही."

पासष्टच्या मे महिन्यात तिचं आणि गुस्तावचं लग्न झालं. साक्षीला घराचा रखवालदार आणि त्याची बायको. वुटकेबाईंना यायला परवानगी नव्हती. त्यांचं वय अजून अठ्ठावन्नच होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी टिली सवयीने साडेतीनलाच जागी झाली आणि उजाडेपर्यंत पडून राहिली. उजेड आल्यावर गुस्ताव उठला, तिला पाहून दचकला आणि म्हणाला, "तू सोमवारीसुद्धा असतेस होय?" दोघांना एकमेकांचे फक्त रविवार माहीत होते. तो सकाळी बोलत नाही, ती पाव जाड कापते, तो खिडक्या उघड्या टाकतो, असल्या गोष्टींवरून ती दोघं सगळा उन्हाळा भांडली आणि मजेत राहिली.

पश्चिमेच्या ट्राम दोन वर्षांत मोडीत निघाल्या, त्यांच्या जागी बस आल्या. टिलीने बसमध्ये बसायला कधी कुरकुर केली नाही. फक्त ती ड्रायव्हरच्या मागच्या जागेवरच बसे, आणि तो वळणावर जोरात गेला तर जीभ टाळूला लावून च्‌ करी. गुस्ताव एकाहत्तरच्या वसंतात छातीच्या दुखण्याने गेला. त्यानंतरही ती तिथेच राहिली. पुढच्या वर्षीपासून भेटीचे परवाने मिळू लागले, तेव्हा महिन्यातून एकदा हद्द ओलांडून वाइसेनझेला वुटकेबाईंकडे जाई, कॉफीचं पुडकं घेऊन, आणि संध्याकाळी परत येई. चौऱ्याऐंशीत, ऐंशी पूर्ण झाल्यावर, ती झोपेत वारली. तिला गुस्तावशेजारी ठेवलं. दगडावर दोघांची नावं आणि सालं आहेत, बाकी काही नाही.